कंट्रोल-ए : ओळीच्या आरंभाकडे

मी टायपिंग शिकलो ते फोंड्याच्या एका टायपिंग क्लासात, १९९८ साली. कॉम्प्युटर तोवर आले होते, पण सरकारी नोकरीला टायपिंगची परीक्षा लागायची आणि ती खडखडणाऱ्या यंत्रावरच होत असे. ओळ संपत आली की 'टिंग' करून घंटी वाजायची. मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा. गाडी सरकत ओळीच्या आरंभाला यायची आणि कागद एक ओळ वर जायचा. मास्तर सांगायचे, "बोटांकडे बघायचे नाही. बोटांना आपली जागा ठाऊक असते." चार-सहा महिन्यांत ती खरेच ठाऊक झाली.

मंडळी, आज लिहायचे आहे ते बोटांच्या या स्मरणशक्तीबद्दल. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर, ज्याला टर्मिनल म्हणतात, तिथे कर्सर मागेपुढे नेण्यासाठी ज्या कळा दाबतात त्यांना एक इतिहास आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून, तेव्हा हा प्रांत माझा नव्हे. पण त्यात शिरावे लागले ते वडिलांमुळे.

वडील मराठी प्राथमिक शिक्षक. १९६४ साली सत्तरी तालुक्यातल्या एका गावात त्यांची पहिली नेमणूक झाली. मुक्तीला तीन वर्षेही झाली नव्हती आणि गावोगाव मराठी शाळा निघत होत्या. वर्ग देवळाच्या चौकात भरायचा, पावसाळ्यात म्हादई होडीतून ओलांडायची. निवृत्तीनंतर त्यांनी या आठवणी वह्यांत लिहून काढल्या आणि २००१ साली मी त्या घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या. सगळ्या मिळून ११२ पाने झाली. छापून काढली फक्त पहिली ४०, कारण प्रिंटरची शाई संपली आणि 'पुढच्या महिन्यात' म्हणता म्हणता ते राहून गेले. २०१० साली वडील गेले. वह्यांना वाळवी लागली. आणि २०२२च्या पावसाळ्यात मी ती जुनी सीडी शोधून फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेली फ्रेंच अक्षरे यांचा नुसता चिवडा दिसला. ७२ पाने माझ्यासमोर होती आणि एक शब्दही वाचता येत नव्हता.

असे का झाले हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाची संकेतमाला ठरली. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, असे एकूण १२८ क्रमांक. त्याच वर्षी आलेले टेलिटाइप कंपनीचे 'मॉडेल ३३' हे यंत्र ही संकेतमाला वापरणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक. ते म्हणजे तारेला जोडलेला टाइपरायटर. सेकंदाला १० अक्षरे छापायचे, तीही फक्त मोठ्या लिपीतली. पुढे कॉम्प्युटरशी बोलायला हेच यंत्र वापरू लागले. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते या टेलिटाइपचेच आखूड नाव.

या यंत्रावर 'कंट्रोल' नावाची एक कळ होती. ती धरून एखादे अक्षर दाबले की त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होत. 'ए'चा क्रमांक ६५, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १. पहिले ३२ क्रमांक अक्षरांचे नसून यंत्राला द्यायच्या हुकमांचे होते. 'जी'चा क्रमांक ७१, म्हणून कंट्रोल-जी म्हणजे ७, आणि ७ म्हणजे घंटी! कंट्रोल-एम म्हणजे १३, 'गाडी ओळीच्या आरंभाला न्या'. कंट्रोल-जे म्हणजे १०, 'कागद एक ओळ वर सरकवा'. हे वाचले तेव्हा मला आमचा फोंड्याचा क्लास आठवला. डाव्या हाताने आम्ही जो दांडा ढकलायचो त्याची दोन कामे अमेरिकेतल्या इंजिनियरांनी दोन आकड्यांत बसवली होती. आजही टर्मिनलमध्ये कंट्रोल-एम दाबून पाहा, एंटर दाबल्यासारखेच होते.

पण कागदावर कर्सर नसतो. छापलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून जुन्या युनिक्समध्ये चूक झाली की '#' हे चिन्ह टाइप करायचे, त्याचा अर्थ 'मागचे अक्षर रद्द'. पूर्ण ओळच बिघडली तर '@'. कागदावर सगळे तसेच दिसत राही, रद्द झाले हे फक्त यंत्राला कळे. आपण हजेरीपटावर चुकीची नोंद लाल शाईने रद्द करतो आणि खाली सही करतो, तसाच हा प्रकार.

कर्सरला खरा अर्थ आला तो काचेचा पडदा आल्यावर. हा शब्द मुळात लॅटिन, 'धावणारा' या अर्थाचा. गणिताच्या सरकपट्टीवर पुढेमागे होणाऱ्या पारदर्शक तुकड्यालाही कर्सरच म्हणत. आता हा धावणारा पडद्यावर धावू लागला आणि त्याला धावडवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. १९७६ साली या प्रश्नाची दोन उत्तरे अमेरिकेच्या दोन टोकांना आकार घेत होती.

पश्चिमेला बर्कली विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'व्हीआय' या संपादकाची घडण करत होता. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कुलुरिस यांनी 'ईएम' नावाचा संपादक लिहिला होता, त्यावरून ही सुरुवात झाली. जॉय काम करत तो पडदा लिअर सिग्लर कंपनीचा, 'एडीएम-३ए' नावाचा. कंपनी स्वतःच त्याची जाहिरात 'बिनडोक टर्मिनल' अशी करायची, म्हणजे स्वस्त आणि साधे. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरच डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण छापलेला असे. का? तर कंट्रोल-एच म्हणजे ८, 'एक घर मागे'. कंट्रोल-जे म्हणजे १०, 'एक ओळ खाली', जे आपण वर पाहिलेच. पुढचे ११ आणि १२ हे वर आणि उजवीकडे जाण्यासाठी घेतले. टेलिटाइपच्या आकड्यांवरून बाण आले आणि बाणांवरून व्हीआयच्या कळा. त्याच कीबोर्डावर 'होम' हा शब्द ज्या कळेवर होता तिच्यावरच '~' हे चिन्ह होते. युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरला आजही याच चिन्हाने ओळखतात.

जॉय यांच्या घरी ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळी आणि ८० रकाने असा पडदा पूर्ण भरायला १,९२० अक्षरे लागतात. भागाकार करून पाहा, ६४ सेकंद! एवढा वेळ लागत असताना एकेक घर सरकत जाणे कुणाला परवडेल? म्हणून व्हीआयमध्ये एका अक्षराच्या आज्ञा आल्या. 'डब्ल्यू' म्हणजे पुढच्या शब्दावर, 'बी' म्हणजे मागच्या शब्दावर, '०' म्हणजे ओळीच्या आरंभी आणि '$' म्हणजे शेवटी. हा आखूडपणा काहींना तुटक वाटतो. तारेच्या भाषेत लिहिणाऱ्यांना तो परका वाटला नसता, तिथेही दर शब्दाला पैसे पडत.

पूर्वेला एमआयटीच्या प्रयोगशाळेत त्याच १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील, डेव्हिड मून ही मंडळी 'ईमॅक्स' घडवत होती. त्यांची रीत निराळी. कळा आद्याक्षरांवरून. कंट्रोल-एफ म्हणजे 'फॉरवर्ड', एक अक्षर पुढे. कंट्रोल-बी म्हणजे 'बॅकवर्ड'. एन म्हणजे पुढची ओळ, पी म्हणजे मागची. कंट्रोल-ई म्हणजे ओळीचा 'एंड'. आणि आरंभाला 'ए', कारण वर्णमालेचा आरंभच तो. कंट्रोलऐवजी 'मेटा' नावाची कळ धरली की हीच अक्षरे मोठी पावले टाकतात. मेटा-एफ म्हणजे एक शब्द पुढे, मेटा-बी म्हणजे एक शब्द मागे. आजच्या कीबोर्डावर मेटाचे काम 'आल्ट' करते.

हे झाले संपादकांचे. पण हुकूम लिहायच्या ओळीत, म्हणजे 'शेल'मध्ये, मागे जाऊन दुरुस्ती करायची सोय बरीच उशिरा आली. १९७९ सालच्या बोर्न शेलमध्ये ती नव्हती. डेव्हिड कॉर्न यांच्या १९८३ सालच्या शेलने दोन्ही पंथांना जागा दिली, हवे तर व्हीआयसारख्या कळा वापरा, हवे तर ईमॅक्ससारख्या. पुढे स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीसाठी ब्रायन फॉक्स यांनी 'बॅश' हा शेल लिहिला. तो १९८९ साली बाहेर आला. त्यातला ओळ संपादणारा भाग वेगळा काढला गेला आणि त्याला 'रीडलाइन' हे नाव पडले. चेट रेमी यांनी पुढे दीर्घकाळ त्याची निगा राखली. लिनक्सवर बॅश सर्वत्र पसरला आणि न सांगता ठेवलेली पद्धत ईमॅक्सची असल्याने कंट्रोल-ए जगभर गेले. ॲपलच्या मॅकवर तर साध्या लिहायच्या चौकटीतही कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई चालते.

आता पुन्हा माझ्या चिवड्याकडे वळतो.

आस्कीच्या १२८ घरांत देवनागरीला जागा नव्हती. गोवेकरांना यात नवे काही वाटू नये. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्या गोव्यात आला, आणि फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती. यंत्रात जी अक्षरे असतील त्यांत आपली भाषा बसवायची, ही आपली जुनीच सवय. नव्वदच्या दशकातल्या मराठी फाँटांनी तेच केले. इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. काना एका घरात, अर्धा 'श' दुसऱ्यात. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट आहे तोवर मराठी दिसते, फाँट गेला की उरतो चिवडा. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी देवनागरीसह निघाली होती. पण २००१ साली माझ्या टेबलापर्यंत त्यातले काहीच पोचले नव्हते.

तेव्हा चिवड्याचे युनिकोड करायचे ठरले. आमच्या शेजारी एक इंजिनियर मुलगा राहतो, त्याने लिनक्स घालून दिले आणि अक्षरामागे अक्षर बदलणारे हुकूम शिकवले. हे हुकूम दोन-दोन ओळी लांब. एक अक्षर चुकले की मी डावा बाण साठ-सत्तर वेळा दाबत मागे जायचो. तो मुलगा हसला. "सर, इतलो वेळ कित्याक घालयतात? कंट्रोल-ए मारात." मी मारले. कर्सर क्षणात ओळीच्या आरंभी! मास्तरांचा दांडा ढकलल्यासारखे वाटले.

मग त्याने सोयी लावून दिल्या. रीडलाइनची एक छोटी फाइल घरच्या फोल्डरमध्ये असते, 'इनपुटआरसी' नावाची, आरंभी एक टिंब. कोणत्या कळेने काय व्हावे ते तिच्यात लिहायचे. बाणाची कळ म्हणजे एक अक्षर नव्हे. १९७८ सालच्या 'व्हीटी-१००' या पडद्यापासून रूढ झालेली रीत अशी की बाण दाबला की तीन चिन्हे जातात : एस्केप, चौकोनी कंस आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. ए वर, बी खाली, सी उजवीकडे, डी डावीकडे. कंट्रोल धरून डावा बाण दाबला तर कंसापुढे '१;५डी' असे जाते. हा ५ कुठला? शिफ्टचा १, आल्टचे २, कंट्रोलचे ४, आणि त्यात नेहमीचा १ मिळवायचा. कंट्रोल म्हणून ४ अधिक १. आपली कळ काय पाठवते ते पाहायचे असेल तर कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबावी, चिन्हे पडद्यावर उमटतात. तीच फाइलीत लिहून पुढे 'एक शब्द मागे' हा हुकूम जोडायचा. वरच्या बाणालाही आम्ही नवे काम दिले : हुकमाची पहिली दोन अक्षरे लिहून तो दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणारा मागचा हुकूम परत येतो. शेवटी कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर दाबले की नवी फाइल लागू. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल बसवून घेतले तेव्हा कळले, एडीएम-३एवर कंट्रोल तिथेच, 'ए'च्या शेजारीच असायचे. माझ्या करंगळीचे दुखणे निम्म्याने कमी झाले.

जुन्या सवयींनी मात्र दोनदा दगा दिला. एकदा कचेरीत तीन पानांच्या टिपणीत ओळीच्या आरंभी जाण्यासाठी कंट्रोल-ए मारले. विंडोजमध्ये त्याचा अर्थ 'सगळे निवडा'. पुढचे अक्षर टाइप केले आणि तिन्ही पाने गायब. कंट्रोल-झेडने अब्रू वाचली. दुसरा प्रसंग वाईट. घरी व्हीआयच्या नव्या अवतारात, व्हिममध्ये, दिवसभर दुरुस्त्या केल्या आणि सवयीने फाइल जपायला कंट्रोल-एस दाबले. पडदा गोठला. टेलिटाइपच्या काळात कागदी फीत थांबवण्याचा तो हुकूम, आणि कंट्रोल-क्यूने ती पुन्हा चालू व्हायची, हे मला कुठे ठाऊक! मी खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी व्हिमने जपून ठेवलेल्या प्रतीबद्दल विचारले, तर घाबरून तीही पुसली. वडिलांची सहा पाने मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

देवनागरीचे खटके वेगळेच. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर हवी. रफार उलटा. 'वर्ग' या शब्दात तो 'ग'च्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या फाइलीत 'ग'नंतर, युनिकोडमध्ये मात्र 'र' आणि हलन्त 'ग'च्या आधी. हुकमांनी नव्वद टक्के काम झाले, उरलेले शब्दाशब्दाने हाताने. आणि टर्मिनलची रचनाच एका अक्षराला एक चौकट अशी. 'क्षि' आपल्याला एक अक्षर, कॉम्प्युटरला चार : क, हलन्त, ष आणि वेलांटी. कर्सर दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्याच. शिवाय मराठी कीबोर्ड चालू असला तर एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त येतात आणि बिचारा व्हिम गोंधळतो. त्यामुळे फिरायचे इंग्रजीत आणि लिहायचे मराठीत. आम्हा गोवेकरांना कचेरीत वेगळे काय असते?

अशी सात महिने रात्री तासभर बैठक झाली. पान ७१वर आलो तेव्हा एक मजकूर उलगडला जो टाइप केल्याचेही मला आठवत नव्हते. १९६५च्या पावसात म्हादईला पूर आला, वडील ऐलतीरी अडकले. तिसऱ्या दिवशी होडी सुरू झाली आणि ते पोचले, तर चौकात अकरा मुले पाट्या घेऊन बसलेली. मोठ्या मुलीने फळ्यावर तारीख घालून ठेवली होती आणि ती रोज बदलत होती. वडिलांनी हे आम्हाला कधी तोंडी सांगितले नव्हते. २००१ साली माझ्या बोटांखालून ते गेले, पण मी तेव्हा बोटांकडे न बघता टाइप करत होतो, आणि वाचतही नव्हतो.

म्हणून सांगायचा मुद्दा एवढाच. कंट्रोल-ए १९७६ साली होते आणि आजही चालते, कारण ते सर्वांसाठी खुले राहिले आणि एकाने दुसऱ्याच्या हाती दिले. माझ्या २००१ सालच्या मराठीला वीस वर्षेही निभली नाहीत, कारण तिचे घर एका फाँटाच्या कुलपात होते. तुमच्याही घरी अशी एखादी सीडी, एखादी फ्लॉपी पडून असेल. आईच्या ओव्यांची, आजोबांच्या पत्रांची, गावच्या नाट्यमंडळाच्या नोंदींची. ती आजच उघडून पाहा आणि युनिकोडमध्ये घेऊन ठेवा. वाळवी फक्त वह्यांनाच लागते असे नाही.

सगळी ११२ पाने आता एका साध्या फाइलीत आहेत. पहिली ४० छापील कागदावरून पुन्हा टाइप केली. या वेळी वाचत वाचत.